पुरातन म्हणजे नेमके किती जुने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली पुष्कळ वर्षे मी गोव्यातल्या देवस्थानांच्या स्मरणिका, वाचनालयांचे अहवाल आणि शाळांची हस्तलिखिते छपाईपूर्वी तपासून देतो. मजकूर कुणाचाही असो, ‘पुरातन’ हा शब्द त्यात भेटतोच. देऊळ पुरातन, तळी पुरातन, वड पुरातन, जत्रा पुरातन. मी शब्दाखाली रेघ मारली की लिहिणाऱ्याचा फोन येतो आणि बोलणे लांबते. त्या बोलण्यांतून आलेले प्रश्न आणि मला जमतील तशी त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

‘पुरातन’चा साधा अर्थ काय?

फार पूर्वीपासूनचे. ‘फार पूर्वीचे’ असाही अर्थ कोशात मिळतो आणि संस्कृतात तो सर्रास चालतो. पण मराठी माणूस ‘पुरातन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा ‘पासून’ असते. एखादी गोष्ट केव्हातरी सुरू झाली आणि तिचा धागा अजून आपल्यापर्यंत पोचतो आहे, असा भाव त्यात असतो. ‘गावात पुरातन काळापासून शिगमो होतो’ हे वाक्य कानाला बरोबर वाटते. शिगमो बंद पडून दोनशे वर्षे झाली असती तर आपण ‘पूर्वी इथे शिगमो व्हायचा’ एवढेच म्हटले असते.

हा शब्द बनला कसा?

‘पुरा’ म्हणजे पूर्वी. हे संस्कृतातले अव्यय आहे. त्याला काळ दाखवणारे ‘तन’ हे शेपूट लागले. पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात याचा नियम दिला आहे. त्याच नियमाने बनलेली भावंडे मराठीत आजही नांदतात: चिरंतन, सनातन, अद्यतन, अधुनातन. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना ‘ह्यस्तन’ आणि ‘श्वस्तन’ आठवतील. ह्यः म्हणजे काल, श्वः म्हणजे उद्या.

मला सर्वांत आवडते ते हे की ‘नूतन’ हाही याच कुळातला. ‘नव’चा ‘नू’ झाला आणि त्याला तेच ‘तन’ लागले. पुरातन आणि नूतन हे एकमेकांचे विरुद्धार्थी, पण शेपूट दोघांचे एक. विद्यार्थ्यांना हे सांगितले की दोन्ही शब्द जन्मभर लक्षात राहतात.

‘पुराण’ आणि ‘पुरातन’ एकच का?

मूळ एक, वाटा वेगळ्या. दोन्ही ‘पुरा’पासून निघाले. संस्कृतात ‘पुराण’ हे आधी साधे विशेषण होते, अर्थ ‘जुना’. ग्रंथांचे नाव ते पुढे झाले. मराठीत विशेषणाचे काम बरेचसे ‘पुरातन’ने घेतले आणि ‘पुराण’ म्हटले की आपल्याला पोथीच आठवते. विशेषणाच्या खुणा मात्र राहिल्या आहेत: पुराणपुरुष, पुराणवस्तू, पुराणमतवादी, जुनापुराणा. प्राचीन काळी चांदीच्या एका नाण्यालाही ‘पुराण’ म्हणत. मनुस्मृतीत वजनांच्या यादीत ते नाव आले आहे.

या शब्दाची यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात, दिलेली फोड मला फार मोलाची वाटते: ‘पुरा नवं भवति’. पूर्वी जे नवे होते ते पुराण. तिला भाषाशास्त्राची व्युत्पत्ती मानू नये. पण अर्थ सांगायला तिच्याहून नेमके वाक्य मला आजवर सापडलेले नाही. आपण ज्या देवळापुढे हात जोडतो, त्याचा चिरा एके दिवशी खाणीतून नुकताच काढलेला, ओला, तांबडालाल होता.

ऋग्वेदात तिसऱ्या मंडलात उषेला एकाच चरणात ‘पुराणी’ आणि ‘युवती’ म्हटले आहे. रोजची पहाट सर्वांत जुनी आणि तरीही तरुण. ‘पुराण’मध्ये झिजण्याचा अर्थ मुळात नव्हता याचा याहून चांगला पुरावा कुठला द्यावा?

गोव्यापुरती आणखी एक गोष्ट. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल इथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे मराठी काव्य, आणि त्याचे दोन भाग ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’. जगाच्या उत्पत्तीपासूनची कथा गावातल्या लोकांना ऐकवायची तर ती पुराणाच्या रूपात सांगावी, हे त्या परदेशी माणसाने इथल्याच श्रोत्यांकडून उचलले. जुन्या कथेसाठी सासष्टीच्या मराठी कानाला ओळखीचा असलेला शब्द त्याने घेतला.

मग ‘पुराणातली वांगी पुराणात’ यातली वांगी कुठून आली?

सर्रास सांगितले जाते ते असे, की मूळ शब्द ‘वानगी’, म्हणजे नमुना किंवा दाखला. बोलता बोलता वानगीची वांगी झाली. पुराणातला दाखला पुराणातच राहू द्यावा, व्यवहारात आणू नये, असा अर्थ. आजची म्हण मात्र वांग्यांवरच स्थिर झाली आहे, तेव्हा लिहिताना ‘वांगी’च लिहा.

‘पुराण’मध्ये ण आणि ‘पुरातन’मध्ये न, असे का?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला होता आणि तो ऐकून मला मनापासून आनंद झाला होता. संस्कृतात एका शब्दात ‘र’नंतर ‘न’ आला की त्याचा ‘ण’ होतो. मध्ये स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह आले तरी हरकत नाही. म्हणून रावण, रामायण, पुराण. पण मध्ये च-वर्ग, ट-वर्ग किंवा त-वर्गाचे अक्षर आले की ते आडवे पडते. ‘पुरातन’मध्ये ‘त’ आडवा आला, ‘प्राचीन’मध्ये ‘च’. दोन्ही ठिकाणी ‘न’ वाचला. एका देवळाच्या कमानीवर ‘पुरातण’ असे रंगवलेले मी पाहिले आहे. ती कमान पुन्हा रंगवायला निघाली तेव्हा समितीला हाच नियम समजावून सांगितला.

‘प्राचीन’ आणि ‘पुरातन’ यांत काही फरक आहे की दोन्ही सारखेच?

दैनंदिन वापरात अदलाबदल चालते आणि त्यात मोठी चूक नाही. पण फरक आहे आणि तो कळला तर लिहिणे नेमके होते.

‘प्राचीन’ हा मुळात दिशेचा शब्द. प्राच् म्हणजे पुढे वळलेला, समोरचा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की समोर येते ती प्राची, म्हणजे पूर्व. प्राचीन म्हणजे आधी पूर्वेकडचा आणि मग पूर्वीचा. ‘पूर्व’ या शब्दातही दिशा आणि काळ असेच एकत्र राहतात. याच्या उलट अर्वाच्, म्हणजे अलीकडे वळलेला. त्यावरून अर्वाचीन.

म्हणून ‘प्राचीन’ने काळाचा पट्टा दाखवता येतो. प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन असे इतिहासाचे तुकडे पाडतात त्यात ‘पुरातन’ला जागा नाही. ‘प्राचीन गोव्याचा इतिहास’ हे पुस्तकाचे नाव शोभते. ‘पुरातन गोव्याचा इतिहास’ म्हटले की काहीतरी धूसर, धूपाच्या वासाचे वाटते. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या कातळावर बैल, हरणे, माणसे आणि एक चक्रव्यूहासारखी गोल आकृती कोरलेली आहे. १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. त्या चित्रांना ‘प्राचीन’ म्हणणेही थोडे अपुरे आहे, ‘प्रागैतिहासिक’ हा नेमका शब्द. पण त्याच गावातली देवाची पालखी, जिचा दिवस आणि वाट कुणी लिहून ठेवलेली नाही आणि तरी चुकत नाही, ती पुरातन.

माझ्या हाताखालून मजकूर जातो तेव्हा मी एक ढोबळ कसोटी लावतो. काळ सांगायचा आहे का? ‘प्राचीन’. चालत आलेपण सांगायचे आहे का? ‘पुरातन’.

किती वर्षे झाली की ‘पुरातन’ म्हणावे?

भाषेत असा आकडा नाही. कायद्यात आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक म्हणजे किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची वास्तू. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यात नाणी, मूर्ती, चित्रे यांना शंभर वर्षे आणि हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे अशी मर्यादा आहे. गोव्याचा स्वतःचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९७८ चा.

आता १९२० साली बांधलेले, ओसरीला लाकडी खांब असलेले एखादे घर घ्या. वयाच्या अटीत ते बसते. पण त्याला ‘पुरातन’ म्हणताना जीभ अडखळते, कारण घर बांधणारा आजोबा घरातल्या लोकांना नावाने माहीत असतो. त्याचा फोटो भिंतीवर असतो. माझा अनुभव असा, की सुरुवात आठवणीत आहे तोवर आपण ‘जुने’ म्हणतो आणि सुरुवातीची आठवण पुसली गेली की ‘पुरातन’.

मराठीत वय मोजायची आणखी एक रीत आहे आणि ती मला फार खरी वाटते: आजा, पणजा, खापरपणजा. ‘खापरपणज्याच्या वेळचा फणस’ म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात चार पिढ्या मोजतो. साल ठाऊक नसेल तेव्हा फलकावर मोघम ‘पुरातन’ लिहिण्यापेक्षा ‘पाच पिढ्यांपासून’ असे लिहा. ते जास्त प्रामाणिक असते.

आमची देवता फार जुनी, पण आताचे देऊळ अठराव्या शतकातले. ‘पुरातन मंदिर’ लिहिले तर चूक होईल का?

गोव्यात या प्रश्नाला जेवढे वजन आहे तेवढे क्वचितच कुठे असेल, म्हणून जरा थांबून उत्तर देतो.

आपल्याकडे देव आणि देऊळ यांचे वय सहसा एक नसते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा महाजनांनी, म्हणजे देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांनी, देव उचलून हद्दीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये प्रियोळला गेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आज आपण पाहतो ती भव्य देवळे, ते दीपस्तंभ, भक्तांच्या उतरण्याच्या त्या अग्रशाळा नंतरच्या आहेत. कवळ्याचे आताचे देऊळ शाहू छत्रपतींच्या काळात, अठराव्या शतकात उभे राहिले. वेर्ण्याला तर आपल्या काळात मूळ जागी पुन्हा देऊळ बांधले गेले. तिथे जागा पुरातन, देवी पुरातन आणि वास्तू नवी.

अशा वेळी ‘पुरातन मंदिर’ लिहिले की वाचणारा खांब आणि कळस यांकडे बघून त्यांनाच हजार वर्षांचे समजतो. मग कुणी जाणकार येतो, बांधणी पाहतो, ‘हे तर अठराव्या शतकातले’ म्हणतो आणि गावकरी दुखावतात. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. शब्द तेवढा चुकीच्या वस्तूला चिकटलेला असतो. तो काढून बरोबर जागी लावा: ‘पुरातन देवस्थान, सध्याची वास्तू अमुक शतकातली’. देवस्थान या शब्दात देव, जागा, मान, उत्सव सगळे येते. मंदिर म्हटले की चिरे आणि चुना.

उलट उदाहरण तांबडी सुर्ल्याच्या महादेवाचे. कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले, काळ्या पाषाणाचे देऊळ रानात आडबाजूला राहिले म्हणून वाचले. तिथे ‘प्राचीन मंदिर’ हे शब्द अक्षरशः दगडाला लागू आहेत.

आणि नार्व्याचा सप्तकोटेश्वर. कदंब राजे आपल्या बिरुदात ज्याचे नाव मिरवत तो हा देव. दिवाडी बेटावरचे त्याचे देऊळ पाडले गेले, देव नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला आला आणि १६६८ मध्ये, शके १५९० ला, शिवाजी महाराजांनी तिथे त्याचे देऊळ नव्याने बांधवले. तिथे तसा शिलालेख आहे. अलीकडे राज्य सरकारने त्या वास्तूचे जतनकाम करून २०२३ मध्ये ती पुन्हा खुली केली. या एका ठिकाणी तीन वये आहेत: कदंबांच्याही आधीपासूनचा असू शकेल असा देव, १६६८ ची वास्तू आणि २०२३ ची डागडुजी. फलकावर तिन्ही लिहायला चार ओळी लागतात. तेवढी जागा काढावी.

‘जीर्ण’ म्हटले की लोक रागावतात. त्यात वाईट काय आहे?

वाईट नाही, पण अर्थ वेगळा आहे. ‘जीर्ण’ झिजण्याबद्दल बोलतो. मूळ धातू ‘जॄ’, म्हणजे झिजणे, म्हातारे होणे, पचणे. त्यातूनच जरा, जर्जर, जरठ आणि पोटात न पचलेले ते अजीर्ण.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा फरक दोन श्लोकांच्या अंतरात स्वच्छ दिसतो. विसाव्या श्लोकात आत्म्याला ‘पुराण’ म्हटले आहे आणि बाविसाव्यात अंगावरून उतरवायच्या वस्त्रांना ‘जीर्ण’. जुना तोही, जुनी तीही. पण जो झिजत नाही तो पुराण आणि जी झिजतात ती जीर्ण. शंकराचार्यांनी भाष्यात इथे ‘पुरापि नव एव’ असे लिहिले आहे, पूर्वीही नवाच. ‘पुरातन’ आणि ‘जीर्ण’ यांत गोंधळ झाला की मला हेच दोन श्लोक आठवतात, आणि लोकांनाही मी तेच वाचून दाखवतो.

म्हणून ‘जीर्णोद्धार’ हा शब्द किती अचूक आहे बघा. उद्धार करायचा तो झिजलेल्या भागाचा, पुरातनाचा नाही. दुर्दैवाने गोव्यात कितीदा उलट घडते. एका गावात गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या, दारावरची कोरलेली लाकडी चौकट वाळवीने खाल्ली म्हणून पुरती काढून टाकली आणि गुळगुळीत ग्रॅनाइट बसवले. स्मरणिकेत मथळा होता ‘पुरातन मंदिराचा जीर्णोद्धार’. चौकटीचा वाळवीने खाल्लेला भाग बदलला असता तर तो जीर्णोद्धार ठरला असता. ती चौकट मी लहानपणी बोटांनी चाचपलेली होती. मला अजून वाईट वाटते.

लिहिताना ‘जी’ दीर्घ आणि ‘द्धा’ जोडाक्षर: जीर्णोद्धार.

‘जुना’, ‘जुनाट’, ‘जुनापुराणा’?

‘जुना’ हा संस्कृत ‘जूर्ण’, प्राकृत ‘जुण्ण’ या वाटेने आलेला, म्हणजे ‘जीर्ण’चाच सख्खा. पण मराठीत येईपर्यंत त्याने झीज मागे टाकली. जुने तांदूळ, जुना गूळ, जुना मित्र यांत जुनेपणाची किंमत वाढते. ‘जुनाट’मध्ये मात्र कंटाळा आहे, आणि आजारात चिवटपणा: जुनाट खोकला. ‘जुनापुराणा’ वापरून टाकलेल्या वस्तूंना लावतात. देवळाला किंवा माणसाला लावू नये.

‘जुने गोवे’ आणि ‘गोवा वेल्हा’ यांतले खरे जुने कुठले?

पाहुण्यांचा हा गोंधळ दर वर्षी होतो. पोर्तुगीज भाषेत ‘वेल्हा’ म्हणजे जुनी. जुने गोवे, जिथे १६०५ मध्ये पुरे झालेले बॉम जेझूसचे चर्च आहे आणि ज्याची चर्चे १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्याला ते ‘वेल्हा गोवा’ म्हणत. आणि आगशीच्या वाटेवर ‘गोवा वेल्हा’ हे वेगळेच गाव आहे. कदंबांची राजधानी गोपकपट्टण त्या परिसरात होती. मांडवीकाठचे शहर भरात असताना जुवारीकाठचे ते ‘जुने’ ठरले. पुढे १८४३ मध्ये पणजीला ‘नोवा गोवा’, म्हणजे नवे गोवे, अशी राजधानीची पदवी मिळाली तेव्हा मांडवीकाठचे नवे शहरही ‘जुने’ झाले.

यातून शब्दाबद्दल एक गोष्ट कळते. ‘जुने’ला शेजारी ‘नवे’ लागते, त्याच्याशी तुलनेनेच ते जुने होते. ‘पुरातन’ला अशी जोडी लागत नाही. म्हणून ‘जुने गोवे’ हे नाव रुळले आणि ‘पुरातन गोवे’ असे कुणी म्हटले नाही. गोवा वेल्ह्याला कोकणीत ‘थोरलें गोंय’ म्हणतात. थोरल्या भावासारखे थोरले, आणि मला वाटते या तीन नावांतले सर्वांत प्रेमाचे नाव तेच.

कोकणीत ‘पुरातन’ला काय म्हणतात?

रोजच्या बोलण्यात ‘पोरनें’. हे ‘पुराण’चेच घरगुती रूप. ‘पूर्विल्लें’ हाही फार गोड शब्द आहे, पूर्वीच्या लोकांचे ते पूर्विल्लें. वडीलधाऱ्यांना ‘जाणटे’ आणि ‘म्हालगडे’ म्हणतात. गोव्यातल्या मराठीत हे शब्द सहज मिसळतात आणि मी ते खोडत नाही.

माणसाला ‘पुरातन’ म्हटले तर चालेल का?

नाही. ‘आमच्या वाड्यावरची पुरातन आजी’ असे एका मुलाने निबंधात लिहिले होते. भाव निर्मळ होता, शब्द चुकला होता. ‘पुरातन’ला आरंभ दिसत नाही. माणसाला जन्मतारीख असते. देवाला ‘पुराणपुरुष’ म्हणतात ते त्याला आरंभ नाही म्हणूनच.

माणसासाठी मराठीने दुसरे शब्द दिले आहेत आणि त्यांच्या जन्मकथा ऐकण्यासारख्या आहेत. ‘म्हातारा’ आला ‘महत्तर’पासून, म्हणजे अधिक मोठा. गावातल्या प्रमुखाला, मानकऱ्याला महत्तर म्हणत. आज कुणी ‘म्हातारा’ म्हटले की आपण खट्टू होतो, पण शब्दाच्या पोटात मान आहे. ‘थेरडा’चे दैव याहून वाईट. बौद्ध संघातल्या वडील भिक्षूला संस्कृतात ‘स्थविर’, पालीत ‘थेर’. त्याच ‘थेर’ला ‘डा’ लागला आणि शिवी झाली. शब्दांची अशी घसरण झाली ती वृद्धांशी आपल्या वागण्यातून. हे मुलांना जरूर सांगावे.

आदराने म्हणायचे तर ‘वयोवृद्ध’, ‘वडीलधारे’. कार्यालयीन भाषेत ‘ज्येष्ठ नागरिक’, साठ वर्षांपुढचे. ज्यांच्याकडे गावची माहिती असते त्यांना ‘जुनेजाणते’ म्हणावे. त्यात वय आणि ज्ञान दोन्ही आहे. ‘जख्ख म्हातारा’ कथेत चालेल, सत्काराच्या मानपत्रात नको.

‘ऐतिहासिक’, ‘पौराणिक’ आणि ‘पुरातन’ यांची गल्लत कशी टाळावी?

‘ऐतिहासिक’ महत्त्व सांगते, वय नव्हे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १६ जानेवारी १९६७ ला गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावर जनमत कौल झाला. दोन्ही दिवस ऐतिहासिक, पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. ‘पौराणिक’ म्हणजे पुराणग्रंथांतले. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ही पौराणिक कथा. देऊळ जुने आहे म्हणून त्याला ‘पौराणिक मंदिर’ म्हणू नका.

‘सनातन’ आणि ‘पुरातन’?

‘सना’ म्हणजे सदैव. सनातनाला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, असे म्हणणाऱ्याची श्रद्धा असते. पुरातनाला सुरुवात आहे, फक्त ती लांब आहे.

‘पुरातन प्रथा’ म्हटले की ती पाळलीच पाहिजे का?

शब्द तसे सांगत नाही. कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या प्रारंभीच म्हणून ठेवले आहे, ‘पुराणमित्येव न साधु सर्वम्’. जुने आहे एवढ्यावरून सगळे चांगले ठरत नाही, आणि नवे काव्य आहे एवढ्यावरून वाईटही. गावच्या सभेत ‘ही पुरातन रीत आहे’ हे वाक्य वाद थांबवायला वापरतात तेव्हा मला हे आठवते. रीत पुरातन असेल तर तिचा पुरावा शोधावा. गावकारीचे, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या कारभाराचे, रिवाज पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत नोंदवून घेतले, म्हणजे ते त्याआधीचे हे कागदाने कळते. पुष्कळदा ‘पुरातन’ म्हणून सांगितलेली गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेली निघते. ती चांगली असेल तर पन्नास वर्षेही पुरेशी आहेत.

देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्यात ऐकू येणारा ‘पूर्वापार’ हा शब्द रीतींसाठी मला अधिक योग्य वाटतो: ‘पूर्वापार चालत आलेलं’. त्यात आपण किती जुने याची बढाई नाही.

‘अतिपुरातन’, ‘पुरातनकालीन काळ’ हे बरोबर का?

‘अतिप्राचीन’ रुळले आहे. ‘अतिपुरातन’ची गरज नाही. ‘पुरातनकालीन काळ’मध्ये काळ दोनदा आला, एक काढा. विशेषण विकारी नाही, पुरातन वाडा, पुरातन मूर्ती, पुरातन देवळे असे सगळीकडे तेच राहते.

‘पुरातत्व’ की ‘पुरातत्त्व’?

पुरातत्त्व. ‘तत्’ला ‘त्व’ लागून ‘तत्त्व’ होते, म्हणून दोन त. याच घरातला ‘पुराभिलेख’, म्हणजे जुनी दप्तरे. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते आणि तिथे पोर्तुगीज कागदांबरोबर मोडीतलेही कागद आहेत. देवस्थानाचे साल शोधायचे असेल तर फलक रंगवण्याआधी तिथे एक फेरी घाला.

दुकानात ‘अँटिक’ म्हणून विकतात त्याला मराठीत काय म्हणायचे?

खरोखर शंभर वर्षांपुढची असेल तर पुराणवस्तू. मग तिला कायदा लागू होतो आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तेवढी जुनी नसेल तर ‘जुनी खुर्ची’ म्हणा. त्यात काही कमी होत नाही.

आमच्या फलकासाठी एक नमुना द्याल का?

देतो. कंसातली माहिती आपापली भरा आणि जी ठाऊक नाही ती ओळ सरळ गाळा:

‘श्री (देवतेचे नाव) देवस्थान. हे पुरातन देवस्थान मूळ (गाव) येथे होते. (साल) च्या सुमारास महाजनांनी देव येथे आणला. सध्याचे देऊळ (साल किंवा शतक) मधले. जीर्णोद्धार (साल), त्यात (कुठला भाग) बदलला. (उत्सव) येथे पूर्वापार होतो.’

रंगाऱ्याकडे देताना ‘न’ आणि ‘ण’ एकदा बोट ठेवून वाचून घ्या.